मागची सीट

परसातल्या पत्र्याच्या शेडवर धप्प असा आवाज झाला आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "पडलं बघ पहिलं." मी वर न बघताच मान हलवली. फीजोआचा हंगाम सुरू झाला होता.

हे फळ झाडावरून तोडायचं नसतं. ते हिरवं असतं, हिरवंच पिकतं, आणि पिकलं की आपणहून खाली येतं. सकाळी बादली घेऊन जायचं, गोळा करायचं, मधोमध कापून चमच्यानं कोरून खायचं. वास पेरूच्या आणि अननसाच्या अधेमधे कुठेतरी. या दिवसांत इथे पामर्स्टन नॉर्थमध्ये घराघरांच्या फाटकापाशी पिशव्या भरून ठेवलेल्या दिसतात, हवे तेवढे घेऊन जा म्हणून. उज्ज्वला म्हणायची, "हे फळ अगदी तुझ्यासारखं आहे. आतून कधीचं तयार असतं, पण स्वतःहून हलेपर्यंत कुणाला पत्ता लागू देत नाही." उज्ज्वला माझी बायको. येत्या हिवाळ्यात तिला जाऊन दोन वर्षं होतील. मागच्या वर्षी मी बादली बाहेर काढलीच नाही. फळं पडली, सडली, परसाला आंबूस वास सुटला, आणि शेजारचे म्हातारबाबा कुंपणावरून नुसतं बघून आत गेले. यंदा पुण्याहून आई आली आहे. ती एकही फळ वाया जाऊ देत नाही.

आणि यंदा केतकीही मागे लागली आहे. आमची मुलगी नेदरलँड्समध्ये नोकरी करते. तिचा एकच प्रश्न आहे: बाबा, गाडी घ्यायची की नाही, आणि घ्यायची तर कुठली? प्रश्न साधा आहे. उत्तर मात्र दोन वर्षं माझ्या घशात अडकून बसलं आहे.

दक्षिण गोलार्धातला इथला चैत्र उलटा. तिकडे पालवी फुटते तेव्हा आमच्या रस्त्यावरची झाडं पिवळी पडायला लागलेली असतात. घड्याळं तासभर मागे जातात, संध्याकाळ अचानक जेवणाच्या आधीच येऊन ठेपते. गुढी उभारायची ती या असल्या दिवसांत. कडुलिंब मिळत नाही, म्हणून उज्ज्वला खिडकीतल्या कुंडीतला कढीपत्ता लावायची, तोही एकच डहाळा, जीव मुठीत धरून तोडलेला. आणि वारा! या गावाच्या डोक्यावर डोंगरभर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या काही शोभेला लावलेल्या नाहीत. पहिल्या वर्षी आमची गुढी तांब्यासकट शेजारच्या कोबीच्या वाफ्यात जाऊन पडली. तेव्हापासून मी ती डेकच्या कठड्याला प्लास्टिकच्या केबल-टायनं आवळून बांधतो. "देवाला हातकड्या घातल्यासारखं दिसतं," उज्ज्वला म्हणायची, आणि स्वतःच चार पट्ट्या जास्तीच्या आणून द्यायची.

अशाच एका पाडव्याला, बांधलेली गुढी वाऱ्यात थडथडत असताना, श्रीखंडाची वाटी हातात धरून तिनं जाहीर केलं, "आपण छत उघडणारी गाडी घेऊन युरोप फिरायचं."

त्या वाऱ्यात हे वाक्य ऐकून मी हसलो नसतो तरच नवल. या गावात राहून उघड्या गाडीची हौस म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण तिचं सगळं ठरलेलं होतं. केतकी नुकतीच तिकडे गेली होती. तिच्या नावावर तिकडेच एक जुनी गाडी घ्यायची. ऱ्हाईनच्या काठाकाठानं खाली उतरायचं, डोंगरांतल्या घाटांवरून इटलीतल्या तळ्यांपर्यंत जायचं, परत यायचं आणि गाडी विकून टाकायची. "कुठली घ्यायची ते इथेच ठरवू. इथे सगळ्या जातीच्या गाड्या मिळतात. बसून बघू, चालवून बघू. अक्षय तृतीयेला नक्की करू." पाडव्याला संकल्प, अक्षय तृतीयेला निर्णय. मधले जेवढे शनिवार असतील तेवढे आपले.

"पण उघडीच कशाला?" मी विचारलं.

"कारण आपण आयुष्यभर डोंगराचे पायच बघत आलोय."

मला लगेच कळलं ती कशाबद्दल बोलते आहे. आम्ही या देशात आलो ते आधी ख्राइस्टचर्चला. भूकंपानं जमिनीखालचे सगळे नळ मोडून पडले होते आणि मी पाण्याच्या निचऱ्याचा इंजिनिअर, त्यामुळे मला लगेच काम मिळालं. पहिल्याच सुट्टीत एक जुनी, टपाला गंज चढलेली गाडी घेऊन आम्ही डोंगर ओलांडून पश्चिम किनाऱ्याकडे निघालो. घाटात दोन्ही बाजूंना एवढे उंच डोंगर, की काचेतून त्यांचा फक्त खालचा भाग दिसायचा: दगड, गवत, एखादी धबधब्याची शेपटी. उज्ज्वलानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं, मग खांदे, मग जवळजवळ कमरेपर्यंत ती बाहेर. मी ओरडलो. मागच्या सीटवरून लहानगी केतकी ओरडली. उज्ज्वला आत आली, केसांचं टोपलं झालेलं, आणि म्हणाली, "वर बर्फ आहे अरे! वर बर्फ आहे आणि आपण टपाकडे बघत चाललोय." ती ते विसरली नव्हती. इतकी वर्षं तिनं ते मनात जपून ठेवलं होतं, हे मला त्या पाडव्याला कळलं.

तेव्हाही आई आमच्याकडे आलेली होती. ती त्या गाडीला बिनटपाची गाडी म्हणायची. "बिनटपाच्या गाडीत पाऊस आला तर काय करायचं?" हा तिचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर माझाही तोच. जन्मभर पाणी कुठून शिरतं आणि कुठून जातं हेच बघत आलेला माणूस मी. मी प्रत्येक गाडी बघायला बागेतली झारी घेऊन जायचो. छत मिटलं की त्याच्या शिवणींवर सावकाश पाणी ओतायचं, मग आत बसून बोटानं चाचपायचं. सीटखालचा गालिचा नाकाशी धरून हुंगायचा. कुबट वास आला की गाडी बाद. दाराच्या कडेला पाणी वाहून जायची बारीक भोकं असतात, त्यांत पानं अडकलीत का ते तारेनं बघायचं. विकणारे लोक माझ्याकडे संशयानं बघायचे.

पण उज्ज्वलापुढे माझी झारी काहीच नाही. ती पाच लिटरचा कुकर घेऊन यायची. या गाड्यांचं छत उघडलं की घडी होऊन डिकीतच जाऊन बसतं, आणि डिकी निम्मी होते. त्या उरलेल्या निम्म्या जागेत कुकर, डाळ-तांदळाचा डबा आणि दोन बॅगा मावतात का, ही तिची परीक्षा. पहिल्याच दुकानात रॉस नावाचा एक हसरा, लालबुंद माणूस होता. तिनं पिशवीतून कुकर काढून डिकीत ठेवला तेव्हा तो दोन पावलं मागे सरकला.

"हे काय आहे?"

"राइस," उज्ज्वला म्हणाली.

"स्वीट ॲज," तो म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', आणि छत खाली घ्यायचं बटण दाबलं. मोटर कुरकुरली, छत अर्ध्यावर येऊन कुकरच्या शिटीवर टेकलं आणि तिथेच थांबलं. दोघं मिळून डिकीत डोकं खुपसून कुकर आडवा करून बघत होते, आणि मी झारी हातात धरून उभा. त्या दुकानात आमच्याबद्दल नंतर काय बोलले असतील कोण जाणे.

त्या महिन्यात आम्ही किती अनोळखी लोकांच्या संपलेल्या उन्हाळ्यांत बसून आलो! जुन्या उघड्या गाडीत मागच्या मालकाचं काहीतरी राहिलेलं असतंच. सीटच्या फटीत समुद्राची वाळू. दाराच्या खणात सनस्क्रीनची वाळलेली नळी. एका निळ्या गाडीत लहान मुलाचं एकच जँडल, म्हणजे रबरी स्लिपर, सापडलं. उज्ज्वला ते हातात घेऊन बराच वेळ बघत होती. "दुसरं कुठे राहिलं असेल?" ती म्हणाली, आणि परत होतं तिथेच ठेवून दिलं. त्या गाडीचं इंजिन चांगलं होतं, पण का कोण जाणे, आम्ही ती घेण्याच्या यादीत धरली नाही.

इथे गाडी चालवून बघायची तर विकणारे सरळ किल्ली हातात देतात, जा फिरून या म्हणतात. इथल्या माणसाला त्यात काही वाटत नाही. उज्ज्वलाला वाटायचं. एवढं माणूस आपल्याला सगळं उघडून दाखवतंय, आणि त्याला तिथेच उभं करून आपण त्याच्याच गाडीतून निघून जायचं? "तुम्हीही चला ना!" ती रॉसला म्हणाली. रॉस गोंधळला, पण आला. आणि आला म्हणजे पाहुणा. पाहुणा मागे कसा बसेल? त्याला पुढे बसवून ती मागे जाऊन बसली. मागे बसायचं म्हणजे वारा अडवायची जाळी काढावी लागते. ती जाळी मागच्या सीटवरच बसवलेली असते. रॉस म्हणाला, "मागे गार लागेल हं." ती म्हणाली, "काही होत नाही. शिवाय आईंना जमेल का ते बघायलाच हवं." पुढच्या शनिवारी दुसऱ्या दुकानातला माणूस पुढे. त्याच्या पुढच्या शनिवारी आई बरोबर आली, तर आईचे गुडघे मागच्या अडचणीत वळेनात, म्हणून आई पुढे. उज्ज्वला मागेच.

त्यामुळे त्या सबंध ऋतूतली माझी उज्ज्वला आरशातली आहे. गाडी चालवता चालवता मी वर बघायचो आणि त्या बोटभर आरशात ती असायची: केस वर उडालेले, ओढणी दोन्ही हातांनी धरलेली, डोळे बारीक केलेले. तिच्या मागे पिवळ्या पानांच्या रांगा मागे मागे जात असायच्या. मी आरशातच भुवया उडवून विचारायचो, कसं काय? ती अंगठा वर करायची. गाडी थांबली की डोळे पुसत उतरायची आणि म्हणायची, "मस्त!" आईसमोर असली तर, "मस्त आहे हो!" आईसमोर मी 'अहो' असायचो, एरवी 'अरे'. त्या वयातही ती हा फरक पाळायची, आणि पाळताना डोळ्यांत मिस्कील हसायची.

एकदाच ती पुढे बसली. तेही उभ्या गाडीत.

लोअर हट नावाच्या गावात एका निवृत्त शिक्षकांकडे एक गाडी होती. हिरवी, जपानी, फक्त दोन सीटची. आमच्या कामाची नव्हतीच, नुसती बघायला गेलो होतो. नदीच्या बांधापाशी त्यांचं घर, अंगणात ती गाडी धुऊन पुसून उभी. उज्ज्वला दार उघडून अलगद आत बसली, आणि मी पाहिलं, तिचा चेहरा बदलला. तिनं डोकं मागे टेकलं आणि वर बघितलं. वर आभाळ होतं, आणि त्यांच्या झाडाची एक फांदी. मी डिकी उघडली. त्यात कुकर उभाही मावेना, आडवाही मावेना.

"कुकर जात नाही," मी म्हणालो.

"दे इकडे," ती म्हणाली. "मांडीवर घेईन मी."

आणि कुकर मांडीवर घेऊन ती तशीच बसून राहिली, वर बघत. त्या शिक्षकांनी किल्ली पुढे केली, तुम्ही दोघं जाऊन या म्हणाले. मी चालकाच्या बाजूला गेलोसुद्धा. तेवढ्यात उज्ज्वला उतरली. "अरे, त्यांना घेऊन जा," ती मला मराठीत म्हणाली. "किती जीव आहे बघ त्यांचा या गाडीवर. विकायच्या आधी एकदा फिरू दे त्यांना." मग मी आणि ते शिक्षक नदीकाठानं लांब फिरून आलो. ते सगळा वेळ आपल्या बायकोबरोबर केलेल्या प्रवासांबद्दल बोलत होते. परत आलो तेव्हा उज्ज्वला त्यांच्या बायकोबरोबर पायरीवर चहा घेत बसली होती, कुकर शेजारी.

परतताना मी म्हटलं, "तुला आवडली ना ती?"

"आवडली की. पण त्यात आई कुठे बसतील? आणि केतकीला दोन दिवस सुट्टी मिळाली तर ती कुठे बसेल?" आणि थोड्या वेळानं म्हणाली, "माणसांना जागाच नाही अशी गाडी घेऊन करायचं काय!" विषय संपला.

अक्षय तृतीयेला पुरणपोळी खाऊन आम्ही निर्णय घेतला. राखाडी, जर्मन, चार सीटची. छत कापडी, शिवणी पक्क्या, कुकर आडवा मावतो. केतकीला फोन केला, अशी बघून ठेव म्हणून. ऑगस्टअखेरची तिकिटं काढली, तिघांची. उज्ज्वलानं भिंतीवर नकाशा लावला आणि म्हणाली, "तिथे गेल्यावर मी पुढे बसणार हं. आईंना सांगून ठेवलंय, एक दिवस त्या, एक दिवस मी."

जुलैत, एका साध्या कामाच्या दिवशी, ती नोकरी करायची त्या प्रयोगशाळेत उभ्या उभ्या खाली बसली. मेंदूत रक्तस्राव. सकाळी जाताना डबा विसरली म्हणून परत आली होती, मी दारातून दिला होता. संध्याकाळी ती नव्हती. याहून जास्त मला त्या दिवसाबद्दल लिहिता येत नाही. लोक म्हणतात, भोगलं नाही तिनं, सोन्यासारखं मरण आलं. असेल. मला ते सोनं नको होतं.

तिकिटं रद्द केली. आई माझ्या धाकट्या भावाकडे पुण्याला गेली. नकाशा मी काढला नाही. त्याच्याकडे बघत नाही एवढंच. माणूस गेल्यावर घरात जागा होते, याइतकं दुष्ट काही नाही. कपाटात जागा, फ्रिजमध्ये जागा, पलंगावर जागा. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांसाठी सरकून जागा केली, ती गेल्यावर उरली ती नुसती जागाच. तेव्हा आम्हाला चार सीट कमी पडत होत्या. आता दोनसुद्धा एकानं जास्त होतात.

यंदा केतकी सुट्टी काढून आली, पाडव्याला इथे होती. गुढीला केबल-टाय तिनंच लावले. ती मराठी सगळं समजते, पण बोलताना इंग्रजी पुढे येतं. "बाबा, धिस इयर वी आर डूइंग इट," ती म्हणाली. "यू डोन्ट हॅव टु बी हॅपी अबाउट इट. जस्ट गो. आई वुड बी सो क्रॉस विथ यू." क्रॉस म्हणजे चिडणं. खरंच चिडली असती. फुकट गेलेल्या तिकिटांपेक्षा मी घरात बसून राहिलो याचाच तिला जास्त राग आला असता.

मग एका शनिवारी आम्ही तिघं रॉसकडे गेलो. त्यानं ओळखलं. "राइस?" त्यानं हसून विचारलं, आणि मग मागे-पुढे बघून त्याचं हसू हळूहळू मावळलं. केतकीनं त्याला बाजूला नेऊन सांगितलं असावं. त्याच्याकडे तीच राखाडी जात उभी होती, वेगळी गाडी, पण अगदी तशीच. या वेळी त्याला कुणी बरोबर चला म्हटलं नाही. केतकी चालवणार होती. आईचे गुडघे मागे वळत नाहीत, म्हणून आई पुढे. रॉसनं जाळी काढली, पुढची सीट वाकवली, आणि मी मागे चढून बसलो.

मी यापूर्वी कधी उघड्या गाडीत मागे बसलो नव्हतो.

गावाबाहेर पडून केतकीनं वेग घेतला आणि वारा माझ्या तोंडावर येऊन आदळला. पुढची काच वाऱ्याला वर उचलते, तो पुढच्या दोघांच्या डोक्यावरून निघून जातो आणि मागे उतरतो, थेट मागच्या माणसाच्या अंगावर. मी इंजिनिअर माणूस, हे मला कागदावर कुणीही विचारलं असतं तर सांगता आलं असतं. श्वास घेता येईना. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, कानांत नुसतं घोंघावणं. पुढे आई आणि केतकी काहीतरी बोलत होत्या, हसत होत्या; तोंडं हलताना दिसत होती, शब्द एकही येत नव्हता. मी ओरडलो, "हळू चालव!" मला माझाच आवाज ऐकू आला नाही. आणि वर? वर बघायचं तर डोळे उघडे ठेवता आले पाहिजेत ना. मी डोंगराकडे एकदाही बघू शकलो नाही. सबंध वेळ मान खाली घालून गुडघ्यांकडे बघत होतो.

तेवढ्यात आरशात केतकीचे डोळे दिसले. तिनं भुवया उडवल्या. कसं काय, बाबा?

आणि माझा हात आपोआप वर गेला. अंगठा वर. मस्त.

मी तो अंगठा किती वेळ तसाच धरून ठेवला होता कोण जाणे. सगळे शनिवार माझ्या डोळ्यांसमोर आले. निळी गाडी, पांढरी गाडी, राखाडी गाडी. ती ज्या गाडीतून उतरली त्या प्रत्येक गाडीतून डोळे पुसत उतरली, आणि मी समजत होतो आनंदानं पुसते आहे. डोंगराचे माथे बघायचे म्हणून जिनं छत उघडायला लावलं, तिला चालत्या गाडीत एकदासुद्धा वर बघायला मिळालं नव्हतं. आणि तरीही ती 'मस्त' म्हणत होती, कारण पुढे कुणीतरी मजेत होतं.

गाडी थांबली. केतकी रॉसशी बोलायला गेली. आईनं मागे वळून बघितलं आणि पदराचं टोक पुढे केलं.

"वारा लागला," मी म्हणालो.

"तीही हेच म्हणायची," आई म्हणाली. मग ती पुन्हा समोर वळली. "मी काही येणार नव्हते रे युरोपला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? बिनटपाच्या गाडीत बसायचं माझं वय आहे का? तिला तीनदा म्हटलं, मला नका नेऊ, तुम्ही दोघं जा. तर म्हणते कशी, 'आई, तुम्ही नसलात तर हे मला सगळा प्रवासभर नळ आणि गटारं दाखवत नेतील.' मग मी गप्प बसले. म्हटलं, आत्ता हो म्हणू. निघायच्या आदल्या दिवशी गुडघा धरून बसायचं. तिकीट गेलं तर जाऊ दे. ती पुढे बसेल तरी." आईनं पदर माझ्या हातात दिला. "माझं ठरलेलं होतं. तिनंच ऐकलं नाही, आधी निघून गेली."

मी आईच्या पदरानं डोळे पुसले. साठीला आलेला माणूस, गाड्यांच्या दुकानात, मागच्या सीटवर बसून. रॉस लांबून बघत होता आणि बघत नसल्यासारखं करत होता. भला माणूस.

केतकी परत गेली. आता इथे पानं जवळजवळ संपली आहेत, सकाळी गवतावर पांढरं दव असतं, फीजोआ आता तुरळक पडतात. आई चमच्यानं गर काढून मुरांबा करते आणि बरण्या शेजारच्या म्हातारबाबांना नेऊन देते. ते तिला 'किया ओरा' म्हणतात, ती त्यांना 'नमस्कार' म्हणते, दोघांचं छान जमतं.

काल संध्याकाळी केतकीचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती. तिनं दोन फोटो पाठवले होते. एक राखाडी, चार सीटची, आम्ही ठरवली होती तशीच. दुसरी हिरवी, दोन सीटची. ती तिनं मुद्दाम शोधली नव्हती, राखाडी विकणाऱ्या माणसाकडेच उभी होती म्हणून फोटो काढला. माणूस लगेच उत्तर मागत होता.

"ग्रे वन इज मोअर सेन्सिबल, बाबा," ती म्हणाली. "वीकेंडला मी येऊ शकते. आजीपण येऊ शकते."

"मी येत नाही," शेजारून आई फोनमध्ये ओरडली. "या वेळी आधीच सांगते."

मी दोन्ही फोटो पुन्हा बघितले. राखाडी गाडीची मागची सीट स्वच्छ होती, पट्टे नीट घडी करून ठेवलेले. मला तो आरसा दिसला.

"हिरवी घे," मी म्हणालो.

"आर यू शुअर? त्यात तर कुणीच..."

"मागे सीट असली की तुझी आई तिथेच जाऊन बसेल."

केतकीनं नाक ओढल्याचं ऐकू आलं. आई उठून उगाचच ओट्यावरच्या बरण्या सारख्या करायला लागली.

"ओके," केतकी शेवटी म्हणाली. "हिरवी. पण बाबा, डिकी अगदीच छोटी आहे. कुकर मावणार नाही."

"नाही मावला तर नाही मावला," मी म्हणालो. "ती मांडीवर घेईल."